३५० व्ही-८ इंजिनावर ७५० डबल पंपर कार्ब्युरेटर: आयडलला पेट्रोलचा वास, रेस दिली की गुदमरते

प्रश्न:
इंजिन ३५० घन इंच, कॅम मध्यम, गिअरबॉक्स ऑटोमॅटिक. गाडी रस्त्यावरच चालते, ६००० आरपीएमच्या वर जात नाही. होली ७५० डबल पंपर कार्ब्युरेटर (७५० सीएफएम, म्हणजे दर मिनिटाला ७५० घनफूट हवेचा, दोन अ‍ॅक्सिलरेटर पंपांचा) बसवलाय. गिअरमध्ये आयडलला मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम ११ इंच (पाऱ्याचे). प्लग काळे पडतात, मिक्श्चर स्क्रू (आयडलचं पेट्रोल कमी-जास्त करणारे) फिरवून काही फरक पडत नाही. एकदम पेडल दाबलं की इंजिन क्षणभर बसतं. जेट बदलू की कार्ब्युरेटरच?

उत्तर १:
आधी हिशेब बघा. ३५० × ६००० ÷ ३४५६ = साधारण ६०८ सीएफएम, तेही सिलिंडर पूर्ण भरले तर. ८५ टक्के धरलं की ५१६. तुम्हाला ६०० चा व्हॅक्यूम सेकंडरी (ज्याचे मागचे थ्रॉटल गरजेनुसार व्हॅक्यूमने उघडतात) पुरतो. मोठ्या व्हेंच्युरीत (कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यात) कमी आरपीएमला हवेचा वेग पडतो आणि मेन जेटमधून पेट्रोल नीट ओढलं जात नाही. डबल पंपर मॅन्युअल गिअरच्या हलक्या गाडीला शोभतो.

उत्तर २:
६०० योग्यच, पण स्क्रूला दाद न मिळणं हा साइजचा दोष नाही, त्यामुळे खरेदीची घाई नको. इंजिन गरम करून दोन्ही स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत घ्या. इंजिन बंद पडायला हवं. चालूच राहिलं तर पेट्रोल दुसरीकडून येतंय:

– फ्लोट लेव्हल (कार्ब्युरेटरच्या वाटीतली पेट्रोलची पातळी) साइट होलच्या खालच्या कडेला हवी, फ्युएल प्रेशर ५ ते ७ पीएसआय.
– पॉवर व्हॉल्व्हचा (व्हॅक्यूम पडला की जादा पेट्रोल सोडणाऱ्या झडपेचा) पडदा फाटलेला असू शकतो. बदलताना आयडल व्हॅक्यूमच्या निम्मा घ्या, म्हणजे तुम्हाला ५.५.
– सगळ्यात जास्त वेळा सापडणारा दोष ट्रान्सफर स्लॉटचा, म्हणजे थ्रॉटलच्या पाकळीजवळ पेट्रोल सोडणाऱ्या फटीचा. आयडल वाढवायला प्रायमरी (पुढचा) थ्रॉटल जास्त उघडला की स्लॉट उघडा पडतो आणि स्क्रू निकामी होतात. कार्ब्युरेटर उलटा करून बघा: स्लॉटचा दिसणारा भाग चौकोनी, जेमतेम अर्धा मिलिमीटर हवा. कमी पडलेली हवा सेकंडरीच्या स्टॉप स्क्रूवरून द्या.

मग दोन्ही स्क्रू दीड आटे बाहेर काढून, गेज लावून, सर्वाधिक व्हॅक्यूम मिळेपर्यंत पाव-पाव आटा फिरवा. इग्निशन टायमिंग मात्र याच्या आधी बघा. ते मागे असेल तर हे सगळं वाया जातं.

उत्तर ३:
गुदमरण्यासाठी अ‍ॅक्सिलरेटर पंप (पेडल दाबताच जादा पेट्रोल फवारणारा) तपासा. इंजिन बंद ठेवून थ्रॉटल पूर्ण उघडा, पंपाची दांडी तेव्हाही आणखी ०.०१५ इंच दाबता आली पाहिजे. थ्रॉटल किंचित हलवताच धार सुटली पाहिजे. कार्ब्युरेटरमधून फटका आला तर पेट्रोल कमी, स्क्वर्टर (पंपाचं पेट्रोल फवारणारी तोटी) ३१ वरून ३५ करा. काळा धूर आला तर एक नंबर खाली या.

प्रश्नकर्ता:
स्लॉट जवळपास दोन मिलिमीटर उघडा होता. आता स्क्रूला प्रतिसाद मिळतोय. मेन जेट?

उत्तर २:
मेन जेट सगळ्यात शेवटी, एका वेळी दोनच नंबर. वाइडबँड सेन्सर (धुरातून हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा) लावलात तर एकसारख्या वेगात १४ ते १४.५ आणि पूर्ण थ्रॉटलला १२.५ ते १२.८ बघा. क्रूझ बरोबर असून पूर्ण थ्रॉटललाच लीन (पेट्रोल कमी) वाटलं, तर प्रायमरी जेटला हात लावू नका. सेकंडरी जेट वाढवा.