टेकडीवरची कुसळी घरी लावायचीये, बिया उगवत नाहीयेत, मदत हवी आहे

गच्चीवाली
नमस्कार मंडळी, दोन वर्षं नुसती वाचतेय, आज पहिल्यांदाच धागा काढतेय तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या.

झालं असं की गेल्या नोव्हेंबरात मी रोज सकाळी पुण्यातल्या वेताळ टेकडीवर जायला लागले (हौस म्हणून नाही, डॉक्टरांनी शुगरचं नाव काढलं म्हणून) आणि खाणीच्या वरच्या अंगाला ते सगळं गवत कोवळ्या उन्हात असं काही पेटल्यासारखं तांबूस सोनेरी दिसायचं की मी वॉक सोडून तिथंच उभी राहायचे. घरी येऊन सासऱ्यांना फोटो दाखवला तर म्हणे अगं ही कुसळी. ते मूळचे पुरंदरातले, लहानपणी हेच गवत कापून छपरं शाकारायचे. मग मी सॉक्सला चिकटून आलेलीच कुसळं गोळा करायला लागले, आठवडाभरात कागदी पिशवी भरली.

डिसेंबरात ट्रेमध्ये कोकोपीट आणि गांडूळखत घालून पेरली, रोज सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं. महिना, दीड महिना, काही नाही. उगवलं ते एक लव्हाळा आणि हरळी, तेही बहुतेक खतातून आलेलं.

जानेवारीत आमच्या मागच्या प्लॉटवर जेसीबी आला, तिथल्या उतारावर हेच गवत होतं, ड्रायव्हरला विचारून दोन बेटं मातीसकट उचलून आणली. 12 इंची कुंड्यांत लावली, खत घातलं, रोज पाणी. दोन्ही हळूहळू पिवळी आणि मग पूर्ण तपकिरी पडली. आता मे संपत आला तरी तशीच आहेत, टाकून द्यावीत का?

आणि खरं दुखणं वेगळंच आहे. आमच्या सोसायटीत (वारजे) कंपाउंडच्या भिंतीलगत 25 फूट लांब आणि 4 फूट रुंद असा उताराचा पट्टा आहे, सगळा मुरूम आणि बिल्डरने सोडलेला राडारोडा. दर पावसाळ्यात माती वाहून पार्किंगमध्ये येते. तिथं दोनदा लॉन लावलं, दोन्हीदा मेलं. मी मीटिंगमध्ये म्हटलं इथलंच गवत लावू या, तर सेक्रेटरी म्हणाले गवत म्हणजे साप. तरी ट्रायल म्हणून एक पावसाळा दिलाय मला. काय लावू? आणि माझ्या बियांचं काय चुकलं?

कोथरूडचा_बंड्या
लोक पैसे देऊन गवत काढून घेतात आणि तुम्ही लावताय 😄 मागच्या वर्षी आमच्या कुत्र्याच्या कानात टेकडीवर कुसळ गेलं होतं, तीन दिवस नुसती मान हलवत होता, शेवटी भूल देऊन काढावं लागलं. कुंडीत हौस करा पण सोसायटीत नको.

माळरान
बंड्याचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका, त्यावर शेवटी येतो. आधी बिया.

ताई, तुमचं काहीच चुकलं नाही, फक्त घाई झाली. कुसळीचं बी पिकून गळलं की लगेच रुजत नाही, ते झोपलेलं असतं. पाच-सहा महिने, कधी वर्षभरही. आणि बघा ना, त्यात त्याचा शहाणपणाच आहे, नोव्हेंबरात गळलेलं बी डिसेंबरातल्या एखाद्या अवकाळीला भुलून उगवलं तर पुढचे पाच महिने कोरडे, जगणार कसं? म्हणून ते उन्हाळा अंगावर काढतं आणि मग जूनला उठतं. त्यामुळे ट्रेमधलं कोकोपीट फेकलं नसेल तर फेकू नका. पिशवीत बिया उरल्यात का? असतील तर आता पेरायची वेळ झाली.

एक गंमत करून बघा. एक कुसळ तळहातावर ठेवा आणि त्यावर दोन थेंब पाणी टाका.

गच्चीवाली
अहो अर्धी पिशवी आहे अजून! आत्ताच करून बघितलं, मुलीला पण बोलावलं. आधी काहीच नाही, मग ती काळी शेपटी हळूच वळायला लागली, घड्याळाचा काटा कसा फिरतो तशी, आणि वळता वळता खालचं टोक हाताला टोचलं. मुलगी ओरडलीच. हे जिवंत आहे का?

माळरान
जिवंत नाही पण कामाचं आहे. ती शेपटी दोरीसारखी पीळ घातलेली असते. ओली झाली की पीळ सुटतो, वाळली की परत बसतो. पहाटेचं दव, दुपारचं ऊन, असं रोज उलटसुलट फिरत ते बी स्वतःला मातीत खुपसून घेतं. टोकावरची तांबूस लव बघा, ती मागच्या दिशेला झुकलेली असते, म्हणून आत जातं पण बाहेर येत नाही. मेंढीच्या लोकरीत आणि कुत्र्याच्या कानात नेमकं हेच होतं. धनगरांना विचारा, कोवळी कुसळी जनावर आवडीने खातं पण कुसळं धरली की तिथून कळप हलवतात.

पेरायचं असं: शेपट्या कात्रीने बोटभर ठेवून कापा नाहीतर सगळ्यांचा एकच गुंता होतो. कोकोपीट नको, दोन भाग मुरूम किंवा जाड वाळू आणि एक भाग साधी माती. टोकदार बाजू खाली करून नखभर खोचा, पुरायचं नाही. आणि भरपूर पेरा कारण पुष्कळ बिया पोकळ निघतात. पहिला नीट पाऊस झाला की ट्रे बाहेर, पाणी वरूनच पडू दे.

बेटं टाकू नका. हिवाळ्यात तपकिरी पडणं हा त्या गवताचा धर्मच आहे, तुम्ही फोटो काढलात तो सोनेरी रंग म्हणजे वाळलेलं गवतच की! बुडाशी बोटांनी दाबून बघा, घट्ट लागलं आणि नखाने खरवडल्यावर आत ओलसर पांढरं दिसलं तर जिवंत आहे. पिचपिचीत लागलं, वास आला, तर रोजच्या पाण्याने कुजलं. जिवंत असेल तर विळ्याने जमिनीपासून चार-पाच बोटं ठेवून सगळं कापून टाका, खत बंद, पाणी आठवड्यातून एकदा.

रिटायर्ड_काका
शेतीखात्यात नोकरी झाली म्हणून चार शब्द. उताराच्या पट्ट्याला कुसळी नको, तिथं वाळा लावा. आपल्या माठात टाकतो तोच. मुळं आडवी पसरत नाहीत, सरळ खाली जातात, चांगल्या जागी दहा फुटांपर्यंत, त्यामुळे भिंतीला धोका नाही आणि माती जागची हलत नाही. 1980 च्या दशकात जागतिक बँकेने बांधबंदिस्तीसाठी याचा केवढा प्रचार केला, आणि कर्नाटकातले शेतकरी आधीपासूनच शेताच्या हद्दीला लावत होते. लावायचा ठोंब (मुळासकट काढलेला फुटवा), बी नाही. उताराला आडवी ओळ, दोन ठोंबांत वीतभर अंतर, ओळ सलग हवी, मध्ये भगदाड राहिलं की सगळं पाणी तिथूनच जातं. वर्षातून एकदा गुडघ्याखाली कापायचा. फक्त सरबतासाठी मुळं काढायचा मोह आवरा, मूळ काढायचं म्हणजे अख्खं बेट उपटायचं, मग उतार गेला. सरबताचा वाळा गच्चीवर ड्रममध्ये वेगळा लावा, दीड वर्षाने ड्रम आडवा करायचा.

ग्रीन_थंब_बाणेर
एवढा खटाटोप कशाला? नर्सरीत फाउंटन ग्रास मिळतं, जांभळं किंवा गुलाबी तुऱ्याचं, आमच्या क्लबहाऊसला आहे, मस्त दिसतं. रेडिमेड.

माळरान
दिसतं मस्त, वाद नाही. जांभळ्याला बी फारसं धरत नाही, ते एक वेळ ठीक. पण हिरव्या पानांचं, गुलाबी तुऱ्याचं जे असतं ते बियांवर पसरतं. ते मूळचं उत्तर आफ्रिका आणि अरबस्तानाकडचं. हवाईमध्ये शोभेसाठी नेलं आणि आता तिथं डोंगरच्या डोंगर त्याने खाल्लेत, वर वणवे लागतात ते वेगळंच. आणि गंमत ऐका, तिथं ते ज्या स्थानिक गवताच्या मुळावर आलंय त्यात आपली हीच कुसळी आहे! हवाईचे लोक तिला पिली म्हणतात आणि ते पण तिच्याने घरं शाकारायचे, ताईंच्या सासऱ्यांसारखेच. टेकडीच्या पायथ्याशी राहून बाहेरचं बियाणं आणायचं तर दहादा विचार करा, आधीच टेकडीवरच्या गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडिया) झाडांखाली गवत उगवेनासं झालंय.

आता बंड्याचा मुद्दा. जिथं लहान मुलं आणि कुत्री फिरतात तिथं कुसळी नकोच. पट्ट्याच्या वरच्या कडेला काकांचा वाळा, आणि दर्शनी भागात मारवेल गवत. पेराशी पांढऱ्या केसांचं कडं असतं त्यावरून ओळखायचं, फुलोरा जांभळट बोटांसारखा, कुसळ असतं पण ते बारीक, मऊ, टोचत नाही. जमिनीवर लोळून पेरापेराला मुळं धरतं म्हणून मोकळी माती लवकर झाकते. चाऱ्याचं नावाजलेलं गवत आहे, राहुरीच्या कृषी विद्यापीठाने त्याचे वाण काढलेत, गोठेवाल्यांकडे ठोंब सहज मिळतात. वनखात्याच्या जागेतून मात्र उपटून आणू नका, प्लीज.

सुगरण_सदाशिवपेठी
तिखाडीला विसरलात का सगळे? रोशाचं गवत हो. पान चुरगाळलं की गुलाबासारखा वास. खानदेशात डोंगरावर रान माजायचं नुसतं, माझे आजोबा सांगायचे भट्ट्या लावून तेल काढायचे, गुडघेदुखीला तेच चोळायचे. दिवाळीच्या सुमारास तुरे तांबडे होतात. गुरं तोंड लावत नाहीत, टोचत नाही, आणि जाता-येता हात लावायला मजा. गेटजवळ चार बेटं लावा, सेक्रेटरी स्वतः वास घेत उभे राहतील.

गच्चीवाली
सगळ्यांचे खूप आभार, एवढं कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. एक बेट दाबल्यावर पिचकन पाणी आलं, गेलं ते. दुसरं घट्ट आहे! कापताना जीव होत नव्हता, सासऱ्यांनी विळा हातातून घेतला आणि एका झटक्यात केलं. 84 वर्षांचा माणूस. वर म्हणाले आमची आई हे कापायचे पैसे द्यायची बायकांना, आणि तू कुंडीत लावतेस.

सापाचं काय सांगू सेक्रेटरींना?

रिटायर्ड_काका
साप गवताला नाही, उंदराला येतो. आणि उंदीर राडारोड्याला येतो. आधी विटांचे तुकडे उचलायला लावा, गवत आणि पायवाट यात दोन फूट जागा साफ ठेवा, खरकटं तिथं पडू देऊ नका. एवढं करून आला तर सर्पमित्राचा नंबर वॉचमनकडे असू द्या, तो गवत नसलं तरी असावा.

गच्चीवाली
अपडेट, जुलैचा दुसरा आठवडा. वाळ्याचे 60 ठोंब लावले, दोन ओळी, त्यातले 50-52 फुटलेत. परवाच्या मोठ्या पावसात पार्किंगमध्ये गढूळ पाणी आलं पण माती जवळजवळ नाही, वॉचमनने स्वतःहून सांगितलं. तिखाडी चारही लागली. मारवेलचं मात्र वाटोळं. ठोंब नुकते धरले होते आणि माळीकाकांनी इमानदारीत सगळी खुरपणी करून टाकली, तण समजून. कंपोस्टच्या खड्ड्यातून शोधून 9 परत लावलेत. काकांना काय बोलणार, तीस वर्षं त्यांना आपण सगळ्यांनी हेच शिकवलंय.

कुसळीचं कापलेलं बेट दोन फुटांचं झालंय. आणि ट्रेमध्ये उगवलंय!! पण आता पंचाईत अशी की 30-35 रोपं आहेत आणि सगळी सारखीच दिसतात. यातली कुसळी कुठली आणि वाऱ्याने आलेलं भलतंच कुठलं?

माळरान
जवळून फोटो टाका, पान जिथं खोडाला मिठी मारतं त्या जागेचा. कुसळीचं ते बूड चपटं असतं, बोटांत धरून फिरवलं की गोल फिरत नाही, कडा लागते. तेवढ्यावर अर्धी वेगळी होतील. बाकीच्यांना फुलोरा येईपर्यंत हात लावू नका. आणि कुंडीतल्या बेटाची कुसळं काळी पडायला लागली की त्याच आठवड्यात कापून पिशवीत भरा, गच्चीवर मांजर येत असेल तर आधीच.

गच्चीवाली
फिरवून बघितलं. 11 चपटी निघाली. सासऱ्यांनी प्रत्येकीशेजारी आइस्क्रीमची काडी खोचलीये आणि माळीकाकांना गच्चीवर यायला बंदी.

कोथरूडचा_बंड्या
ताई, वाळ्याचे ठोंब उरलेत का? आमच्याकडे पण उतार आहे.