मदत हवी आहे: द्रव गॅलियमच्या आलेखात १.८ अँगस्ट्रॉमवर उंचवटा का येतो?

नमस्कार मंडळी. मी फोंड्याची, भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करतेय. प्रोजेक्टचा विषय आहे दाबाखालच्या द्रव मूलद्रव्यांची अणुरचना. गॅलियम निवडलं, कारण ते २९.८ अंशांना वितळतं. मे महिन्यात लॅबचा एसी बंद पडला की कुपीतला तुकडा आपसूक पातळ होतो (मग गार केला तरी लवकर गोठत नाही, हट्टी प्रकरण!).

प्रयोग मी केलेला नाही. सरांनी सिंक्रोट्रॉनवरचा (तीव्र क्ष-किरणांच्या यंत्रावरचा) जुना डेटा दिलाय, डायमंड अँव्हिल सेलमधला (दोन हिऱ्यांमध्ये नमुना दाबतात तो), दाब सुमारे १ गिगापास्कल. विखुरलेल्या क्ष-किरणांवरून स्ट्रक्चर फॅक्टर (क्यूनुसार तीव्रतेचा आलेख; क्यू विखुरण्याच्या कोनासोबत वाढतो) काढून फूरिये रूपांतर केलं, म्हणजे कुठल्या अंतरावर किती अणू याचा आलेख मिळतो. २.८ अँगस्ट्रॉमला पहिला पीक छान आला, पण १.८ च्या आसपास एक उंचवटा आहे. तिथे अणू असणार कुठून? घन गॅलियममध्येसुद्धा सर्वांत जवळची जोडी २.४४ वर असते. सेलच्या खिडकीमुळे क्यू फक्त ८ पर्यंत मिळालाय. हिऱ्याचं कॉम्प्टन (हिऱ्यातून ऊर्जा गमावून विखुरलेले क्ष-किरण) नीट वजा झालं नसेल का? शिवाय दाबाखालची घनता माहीत नाही, मग एका अणूभोवतीचे शेजारी मोजू कसे? परवा सरांना दाखवायचंय.

खारफुटी: ताई, हिऱ्याला एवढ्यात बोल लावू नका. डेटा ८ वर कापला गेलाय, त्याने पीकच्या दोन्ही बाजूंना लाटा उठतात. पहिला उंचवटा पीकपासून ७.७ भागिले क्यू-मॅक्स (क्यूची कमाल, इथे ८) इतका लांब, म्हणजे ०.९६ वर. २.८ मधून वजा करा! खात्रीसाठी डेटा मुद्दाम ७ वर कापा. उंचवटा डावीकडे सरकला तर तो कापण्याचाच. लॉर्च फंक्शनने (डेटा टोकाकडे हळूहळू शून्यावर आणणाऱ्या गुणकाने) तो दबेल, पण पीकही पसरेल, तेव्हा शेजाऱ्यांचा आकडा ठासून सांगू नका.

घनतेचं म्हणाल, तर पहिल्या पीकच्या अलीकडे अणू नसतातच. त्यामुळे तिथे मोठा जी(आर), म्हणजे आर अंतरावर अणू सरासरीहून किती कमी-जास्त ते दाखवणारा आलेख, −४πρआर ही सरळ रेघ असायला हवी (ρ म्हणजे अणूंची सरासरी घनता). उतारावरून ρ काढा. एगर्ट आणि सहकाऱ्यांची २००२ ची पद्धत याच कल्पनेवर उभी आहे. आणि स्ट्रक्चर फॅक्टरच्या पहिल्या पीकला उजवीकडे खांदा दिसेल, तो घासून गुळगुळीत करू नका. गॅलियमला तो खरोखरच असतो.

धागाकर्ती: ७ वर कापलं, उंचवटा १.७ ला गेला! आभार. रेघ कुठून धरू? ०.५ च्या खाली सगळं वेडंवाकडं आहे.