मोगलीची जुनी मालिका गावातल्या लेकरांना दाखवायची आहे, व्हीसीडी घेऊ का डीव्हीडी?

वैनगंगाकाठ (ता. पवनी, जि. भंडारा)

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयातर्फे उन्हाळ्याच्या सुट्टीत रोज संध्याकाळी समाजमंदिरात पोरांना काहीतरी चांगलं दाखवायचं ठरलं आहे. टीव्ही आहे, डीव्हीडी प्लेअर एका भाऊनं दिला, वीस-पंचवीस पोट्टे येतील, अंगणवाडीपासून सातवीपर्यंतचे. काय दाखवायचं म्हटल्यावर माझ्या डोक्यात एकच नाव आलं, मोगली. जपानमध्ये १९८९ ला सुरू झालेली ती ५२ भागांची कार्टून मालिका, आपल्याकडं १९९३ मध्ये दूरदर्शननं हिंदीत दाखवली होती.

मी तेव्हा दुसरीत होतो. मोठ्या बाबांच्या पडवीत ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता, रविवारी सकाळी अर्धं गाव तिथं. चुलतभाऊ कवेलूवर चढून अँटेना फिरवायचा आणि वरूनच ओरडायचा, आलं का, आलं का, आणि इकडं गाणं सुरू झालं की तो तसाच दांडा सोडून खाली उडी मारायचा म्हणून गाण्याचं दुसरं कडवं नेहमी मुंग्यांमध्येच ऐकलं. ते गाणं गुलजारांचं आणि चाल विशाल भारद्वाजांची हे फार नंतर समजलं.

आता प्रश्न असा. एका बंद होत असलेल्या दुकानात १८ व्हीसीडींचा जुना सेट मिळून रायला ३०० रुपयांत. दुसरीकडं ऑनलाइन नवा डीव्हीडी सेट आहे, ३ डीव्हीडीत अख्खे ५२ भाग. तो नवा सेट एका मित्राकडं थोडा पाहिला तर सुरुवातीला आपलं गाणंच नाही, दुसरंच काहीतरी वाजते, आणि शेरखान बोलला तर तो आवाज नाना पाटेकरांचा नव्हता. मला खरंच वाईट वाटलं. पण चित्र रंगीत, स्वच्छ वाटलं. कोणी पूर्ण पाहिली असेल तर सांगा, आजच्या लेकरांना चालेल का, आणि कोणता सेट घ्यावा.

रेंज_फुल

दादा एवढी झंझट कायले, मोबाइलवर शोधा, भेटून जाते. मोबाइल टीव्हीले जोडा, झालं.

वैनगंगाकाठ

भाऊ आमच्या समाजमंदिरात रेंज एकच दांडी, ती पण दाराशी. एक भाग पाहायला पाऊण तास लागते. आणि पंचवीस लेकरं समोर बसवून मध्येच जाहिरात नको.

जुना_सीडीवाला (भिवापूर)

भाऊ, मी बारा वर्षं सीडी भाड्यानं देत होतो, तर मले जे माहीत हाय ते सांगतो. व्हीसीडीत ७४ मिनिटाचा माल बसते. या मालिकेचा एक भाग जाहिरात सोडून चोवीसेक मिनिटाचा, म्हंजे एका सीडीत तीन भाग. ५२ भागाले १८ सीड्या. तुमचा सेट बरोबर हाय, कोनी मधात काही गाळलं नाई. चित्र मात्र लहान रायते, ३५२ बाय २८८ ठिपक्याचं, मोठ्या टीव्हीवर थोडं पुसट दिसन, पन पुसट म्हंजे सारखं पुसट, डोयाले तरास नाई.

डीव्हीडीत चित्र ७२० बाय ५७६ असते म्हून लोक म्हनते डीव्हीडीच घ्या. पन इथं हिसाब करा. साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी. चांगलं चित्र ठेवाचं तर दोन तास, म्हंजे पाच भाग. तुमच्या सेटवाल्यानं एकेका डीव्हीडीत सतरा-अठरा भाग कोंबले, सात तासाचा माल! मंग काय होते, मानसं बोलत बसले तवा चित्र छान दिसते, अन् मोगली जंगलातून धावाले लागला का पानापानाचे चौकोन पडते. साऱ्या झाडाचा भाजीपाला होऊन जाते. तुम्ही मित्राकडं सुरुवातीचेच दोन मिनिट पाहिले असन. धावपळीचा एखादा भाग लावून पाहा, मंग समजन. डबल लेयरची, म्हंजे दोन थराची असन तर ८.५ जीबी, तवा जरा बरं, पन तेवढ्यातही सात तास जास्तच होते.

अजून एक, अन् हे नक्की करजो. मालिका जुनी, चित्र चार बाय तीनचं. आताचे टीव्ही रुंद. टीव्ही आपोआप चित्र तानते अन् बल्लू तर बल्लू, मोगलीबी फुगल्यावानी दिसते. रिमोटवर चित्राच्या सेटिंगमध्ये ४:३ करा. बाजूले काये पट्टे येतीन, येऊ द्या. पोराईले तो बारका, चपळ मोगलीच दिसला पायजे.

जुन्या सीड्या घेतान तर उजेडात उलट्या-सुलट्या पाहून घ्या. चकाकीच्या बाजूचा बारीक चरा चालून जाते, पन जिथं नाव-चित्र छापलं असते ना तिकडून खरवडली असन तर सोडून द्या, सीडीत माल त्या छापाच्या लगेच खालीच असते. पुसाचं मऊ सुती कापडानं, मधातून काठाकडं सरळ. गोल गोल पुसू नका. अन् घरी आनल्याबरोबर एकेक कॉम्प्युटरवर कॉपी करून पेनड्राइव्हमध्ये टाका, मंग सीडीले हातच लावाचं काम नाई.

माझं मत, व्हीसीडीच घ्या. आवाज तोच पायजे.

झेडपी_गुरुजी (अर्जुनी मोरगाव)

मी ही मालिका शाळेत दोन वेळा पूर्ण दाखवली आहे, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दूरदर्शननं पुन्हा लावली तेव्हा घरी मुलीसोबतही पाहिली, म्हणून थोडं लांब लिहितो.

आधी वेगाबद्दल. आताच्या कार्टूनमध्ये दर दोन सेकंदाला काहीतरी आपटते, फुटते. इथं मोगली एका ओढ्याकाठी बसून नुसता विचार करत असतो आणि कॅमेरा पाण्यावर थांबतो. माझ्या वर्गातली पोरं पहिल्या दिवशी चुळबुळली, चौथ्या भागापासून गप्प. म्हणून पहिल्या दोन दिवसांवरून निकाल लावू नका.

नानांच्या आवाजाबद्दल तुम्ही म्हणता ते अगदी खरं. तो शेरखान ओरडत नाही, दात दाबून, घोगरं, सावकाश बोलते, आणि त्याचीच भीती वाटते. डोळे मिटून ऐकलं तरी वाघ किती लांब आहे ते समजते. नवीन डबिंगमध्ये नुसत्या डरकाळ्या असतील तर पात्र अर्धं मेलं समजा. हिंदीची काळजी करू नका, आपल्या भंडारा-गोंदियाकडच्या लेकरांना हिंदी कानावर असतेच, पलीकडं बालाघाट आहे.

काही गोष्टी खटकतात, त्या सांगून ठेवा. त्यात किची नावाचा लाल पांडा आहे, फार गोड आहे, पण लाल पांडा हिमालयाकडचा प्राणी, आपल्या सागाच्या जंगलात कुठून येणार. मोगलीच्या हातातलं बूमरँग पण आपल्याकडचं नाही. मी पोरांनाच विचारलं, यातले कोणते प्राणी नागझिऱ्यात आहेत, कोणते नाहीत, तर फळ्यावर यादी करता करता तास संपला. अस्वल, लांडगा, बिबट, अजगर, रानकुत्रे, सगळे आपले.

आणि एक गोष्ट जरूर सांगा. किपलिंग या इंग्रज लेखकानं ज्या पुस्तकात ही कथा लिहिली, ते १८९४ मध्ये आलं, त्यातलं जंगल मध्य प्रदेशातल्या शिवनीच्या डोंगरातलं आणि नदी वैनगंगा. पुस्तकात मोगली म्हशींचा कळप दोन्हीकडून हाकून शेरखानला वैनगंगेकाठच्या नाल्यातच कोंडते. तुमच्या गावातली म्हशी चारणारी पोरं ते ऐकून बघा कशी सरसावून बसतात. ही दूरच्या देशाची गोष्ट वाटत होती ती एकदम आपल्या बांधावर येते.

मोहफूल (ता. ब्रह्मपुरी)

गुरुजी, सगळं पटलं, पण एक बाजू राहून गेली म्हणून लिहिते. आमच्या गावाला वाघ टीव्हीवर पाहायची गरज पडत नाही. मागच्या वर्षी आमच्या गोठ्यामागून कालवड नेली. मार्च-एप्रिलमध्ये आम्ही बाया पहाटे मोहफुलं वेचायला जातो, वनरक्षक दरवर्षी येऊन सांगते घोळक्यानं जा, जास्त वेळ वाकून राहू नका, वाघाला वाकलेला माणूस जनावरासारखा दिसते. माझा मुलगा सहा वर्षांचा. त्याला मी ही मालिका रात्री दाखवली आणि शेरखानचा तो आवाज ऐकून तो रात्रभर माझा पदर सोडेना. सकाळी मी टोपली उचलली तर म्हणाला आई नको जाऊ, शेरखान आहे.

मी तेव्हा मालिका बंद केली नाही. त्याला दिवसा घेऊन बसले, आणि सांगितलं की खरा वाघ कोणावर सूड घेत नाही, बोलत नाही, त्याला पिल्लं असतात, भूक असते, आपण त्याच्या वाटेत आलो की तो घाबरते किंवा धरते. आणि मोगलीसारखं काठी घेऊन समोर जायचं नाही, हे तर तीन-चारदा सांगितलं, कारण मोठी पोरं ते पाहून शूर होतात आणि जंगलाला लागून बकऱ्या चारायला तीच जातात. शहरातल्या आईला हे सांगावं लागत नसेल, आम्हाला लागते.

दादा, तुमच्याकडं पण करांडल्याचं वाघांचं जंगल जवळ आहे. म्हणून लहान लेकरांना सांजेला अंधार पडायच्या आत दाखवा, दोनच भाग, आणि मोठं कोणीतरी त्यांच्यात बसा, मागं खुर्चीवर नाही. माझा मुलगा आता पूर्ण पाहून झाला, त्याला सगळ्यात आवडते ती लांडगीण आई.

वैनगंगाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. व्हीसीडी सेट घेतला. सीडीवाले भाऊ, तुम्ही सांगितलं तसं कॉम्प्युटरवर काढलं आणि ४:३ केलं, फार फरक पडला. ताई, तुमचं ऐकून वेळ पाच ते सहा केली, दोन भाग, आणि आमच्या आशाताई लहान्यांच्या मधात चटईवर बसतात. पहिल्या दिवशीच त्यांनी वाघाचं सांगून टाकलं, पोरं शांतपणे ऐकत होती, दोघांनी आपल्या घरच्या बकरीचं सांगितलं.

गाणं सुरू झालं तेव्हा दारात उभे असलेले तीन-चार बाप्ये पण म्हणू लागले. माझा चुलतभाऊ पण होता, दुसरं कडवं त्यानं पहिल्यांदा नीट ऐकलं.

गुरुजी, वैनगंगेचं मी सांगितलं. शिवनीकडून निघते, बालाघाट, गोंदिया, भंडारा करत आपल्याकडं येते. तर तिसरीतला एक पोट्टा विचारते, म्हंजे मोगली वर पानी पेते अन् उरलेलं आपल्याकडं येते का? मी म्हटलं हो. दुसऱ्या दिवशी तो घाटावरून बाटली भरून घेऊन आला होता, वास घेऊन पाहत होता.

आता एक अडचण. ११ नंबरची सीडी, ३१ ते ३३ भाग, दोन्ही प्लेअरमध्ये अडकते, छापाच्या बाजूनं खरवडलेली निघाली, घेताना माझ्या नजरेतून सुटली. आमचे २२ भाग झाले, म्हणजे हातात चार दिवस आहेत. कोणाकडं ती एक सीडी असेल तर सांगा, उमरेड, भिवापूर, भंडारा, कुठंही येऊन कॉपी करून लगेच परत देतो.

जुना_सीडीवाला

माह्याकडं पेटीत असाले पायजे. उद्या माळ्यावरून काढतो, सापडली का इथंच सांगतो.