मदरबोर्ड बदलल्यानंतर मायक्रोसॉफ्ट ऑफिसचा परवाना
मदरबोर्ड (लॅपटॉपमधील मुख्य सर्किट बोर्ड) बदलल्यानंतर लॅपटॉपसोबत आलेले मायक्रोसॉफ्ट ऑफिस चालेनासे झाले आणि दुरुस्ती करणाऱ्याने नवी प्रत विकत घ्यायला सांगितले, असे आपण लिहिले आहे. तो खर्च करण्याआधी एक गोष्ट तपासावी. विंडोजचा डिजिटल परवाना मुख्यतः मदरबोर्डशी जोडलेला असतो, परंतु लॅपटॉपसोबत मिळालेले ऑफिस २०१९ किंवा २०२१ पहिल्यांदा सुरू करताना जे मायक्रोसॉफ्ट खाते वापरले, त्या खात्यात त्याची नोंद राहते. म्हणून त्याच खात्याने मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर जाऊन ऑफिसचे नाव दिसते का ते पाहावे, आणि दिसल्यास तेथूनच ते पुन्हा उतरवून घ्यावे. सक्रिय होण्यास नकार आला, तर खरेदीचे बिल व दुरुस्तीची पावती हाताशी ठेवून कंपनीच्या मदतकक्षाशी बोलावे. खरी अडचण बहुधा खात्याचीच असते, कारण काही विक्रेते लॅपटॉप सुरू करून देताना परस्पर खाते उघडतात आणि त्या खात्याचा ई-मेल पत्ता ग्राहकाला ठाऊकच नसतो (बिलाच्या मागे कोणी लिहून दिला असेल, तर नशीबच). तोवर ऑफिससारखीच कामे करणारे लिब्रेऑफिस मोफत वापरता येते. वर्डच्या साध्या फाइली त्यात नीट उघडतात, मात्र मॅक्रो (फाइलीत साठवलेल्या, आपोआप चालणाऱ्या आज्ञा) असलेल्या एक्सेल फाइली त्यात साठवणे मी टाळेन.