ब्रेक लावल्यावर स्टिअरिंग थरथरते, डिस्क बदलूनही ६,००० किमीत परत तेच

प्रश्न:
पेट्रोल हॅचबॅक, पुढे डिस्क, मागे ड्रम. ९० ते १०० च्या वेगात हलका ब्रेक लावला की स्टिअरिंग डावी-उजवीकडे थरथरते. ६० च्या खाली थरथर जवळपास जाते, पण पेडलवर पायाला बारीक ठोके जाणवत राहतात. ब्रेक न लावता १०० वर गाडी शांत चालते, एका बाजूला ओढतही नाही. पुढच्या दोन्ही डिस्क आणि पॅड ६,००० किमीपूर्वी नवे टाकले आहेत. पहिले चार हजार किमी काहीच त्रास नव्हता. व्हील बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट झाले आहे. गॅरेजमध्ये म्हणतात, डिस्क वाकड्या झाल्या, परत बदला. डिस्क इतक्या लवकर वाकते का? बदलण्याआधी काय तपासू?

उत्तर १:
आत्ता डिस्क बदलू नका. मूळ दोष तसाच राहिला तर नव्या डिस्कही चार-पाच हजार किमीत हेच करतील.

डिस्क सहसा वाकत नाही, तिची जाडी कमी-जास्त होते. डिस्क हबवर (चाक आणि डिस्क ज्यावर बसतात तो फिरणारा भाग) अगदी किंचित तिरकी बसली तर पाय पेडलवर नसतानाही दर फेरीला तिची उंच बाजू पॅडला चाटून जाते आणि तेवढीच जागा झिजते. हे हळूहळू होते, म्हणूनच सुरुवातीचे काही हजार किमी काही कळत नाही. जाडीत ०.०१५ ते ०.०२ मिमी फरक पडला तरी ब्रेकचा जोर दर फेरीला कमी-जास्त होतो. १०० च्या वेगाला लहान गाडीचे चाक सेकंदाला १४-१५ फेऱ्या मारते. साधारण त्याच गतीला स्टिअरिंग आणि सस्पेन्शन सर्वांत जास्त हलतात, त्यामुळे थरथर त्या वेगात जोरात जाणवते आणि खाली विरते.

तिरकेपणाचे नेहमीचे कारण म्हणजे हबच्या तोंडावरचा गंज. डिस्क बदलताना तो घासलेलाच नसतो. हबवर ०.०३ मिमीचा कण अडकला तरी डिस्कच्या कडेपाशी तो जवळपास दुप्पट होतो, कारण तिथला घेर मोठा.

मोजायचे असे: गाडी जॅक स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर नको. चाक काढा, कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) तारेने बांधून ठेवा, ब्रेकच्या नळीवर लोंबू देऊ नका. आधी हब वर-खाली हलवून बेअरिंगमध्ये ढिलाई नाही ना ते पाहा, नाहीतर पुढचे सगळे माप खोटे येईल. मग सगळे व्हील नट सपाट वॉशर घालून आवळा, म्हणजे डिस्क हबला चिकटून बसेल. डायल गेज (बारीक हालचाल सुईने दाखवणारे मापयंत्र) बाहेरच्या कडेपासून १० मिमी आत टेकवून डिस्क सावकाश फिरवा. ०.०५ मिमीपर्यंत ठीक, ०.१० च्या वर गेले तर नक्कीच दोष. त्याच घेरावर मायक्रोमीटरने आठ ठिकाणी जाडी मोजा. व्हर्नियर इथे चालत नाही, त्याला एवढा बारीक फरक दिसत नाही.

उत्तर २:
कॅलिपर हातात आलाच आहे तर तो ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिनाही पाहा. दोन्ही पिना बोटाने सहज सरकल्या पाहिजेत. एक जाम असेल तर आतला पॅड बाहेरच्यापेक्षा जास्त झिजलेला दिसतो आणि तो डिस्कवरून पूर्ण सुटत नाही. डिस्क तापते, पॅडचा माल तिच्यावर डागांसारखा चिकटतो आणि तोच त्रास सुरू होतो. पिना साफ करून ब्रेकसाठीचे सिलिकॉन ग्रीसच लावा. साध्या ग्रीसने रबर फुगते आणि पिन पुन्हा अडकते. एका पिनेवर रबरी बाही असेल तर ती पिन मूळ भोकातच परत घाला.

लोअर आर्मचा (चाकाला गाडीशी जोडणारा सस्पेन्शनचा खालचा दांडा) मागचा रबरी बुश फाटला असेल तर छोटी थरथरही मोठी जाणवते. पण नुसता बुश गेला तर पेडलवर ठोके येत नाहीत. ठोके आहेत म्हणजे सुरुवात ब्रेकमध्येच झाली.

उत्तर ३:
मागचे ड्रमही विसरू नका. ड्रम गोल राहिला नाही तरी पेडल ठोके देते, मात्र थरथर स्टिअरिंगऐवजी सीटखाली येते. केबलचा हँडब्रेक असेल तर कोरड्या, मोकळ्या, सरळ रस्त्यावर ३०-४० च्या वेगात बटण दाबून धरून तो हलकेच ओढा. गाडी धक्के देत थांबली तर दोष मागे. इलेक्ट्रिक हँडब्रेकवर हे करू नका.

प्रश्नकर्ता:
हँडब्रेकवर गाडी गुळगुळीत थांबते. डायल गेजवर डावी डिस्क ०.०४ मिमी, उजवी ०.१३. उजव्या हबवर नटबोल्टांभोवती गंजाचा जाड थर होता. वायर ब्रशने आणि पॉलिश पेपरने घासल्यावर ०.०७ आले. उजव्या डिस्कच्या जाडीत ०.०२२ फरक आहे, डावीच्या ०.००६. पिना मोकळ्या आहेत.

उत्तर १:
दोष सापडला. आता डिस्क हबवर एक भोक पुढे सरकवून पुन्हा मोजा, मग आणखी एक. हबची आणि डिस्कची चूक एकमेकींना खोडून काढते ती जागा मिळाली की आकडा बहुधा ०.०५ च्या आत येतो. तिथे खडूची खूण करा.

पण ०.०२२ चा फरक साफसफाईने जाणार नाही. गाडीवरच डिस्क घासणारे यंत्र मिळाले तर दोन्ही बाजूंच्या डिस्क घासून घ्या, ते हबला धरूनच काम करते. आधी डिस्कवर कोरलेली किमान जाडी पाहा, घासून तिच्याखाली जाणार असेल तर दोन्ही नव्या घ्या. नव्या डिस्कवरचे संरक्षक तेल ब्रेक क्लीनरने पुसा आणि बसवल्यावर डायल गेज पुन्हा लावा. पॅड जाड असतील तर सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून तोंड हलके घासा.

व्हील नट चांदणीच्या क्रमाने, दोन फेऱ्यांत, टॉर्क रेंचने आवळा. आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो, लहान गाड्यांना बहुधा ९० ते ११० न्यूटन-मीटर. एअर गनने कमी-जास्त आवळले तर डिस्क पुन्हा तिरकी होते. चाके लावल्यावर गाडी सुरू करून पेडल घट्ट होईपर्यंत दाबा, मगच हलवा. मग पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून रिकाम्या रस्त्यावर ६० वरून १५ पर्यंत मध्यम ब्रेक, आठ-दहा वेळा, मध्ये अर्धा मिनिट सोडून, पूर्ण न थांबता. शेवटी दहा मिनिटे शक्यतो ब्रेक न लावता चालवून डिस्क गार होऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून उभे राहिलात तर पॅडचा ठसा तिथेच उमटतो.