प्रतिसाद: नोटगेल्डवरील चित्रे आणि त्यांचा काळ

वरच्या एका प्रतिसादात हामेल्नच्या बासरीवाल्याचे आणि उंदरांचे चित्र असलेली नोटगेल्डची (म्हणजे टंचाईच्या काळात स्थानिक पातळीवर काढलेल्या तात्पुरत्या चलनाची) नोट महागाईने गांजलेल्या जर्मनीचे प्रतीक म्हणून वाचली आहे. तो अर्थ मला ओढूनताणून काढलेला वाटतो. पहिल्या महायुद्धात तांबे आणि निकेल शस्त्रनिर्मितीकडे वळल्याने सुट्या पैशांची चणचण भासू लागली, म्हणून गावोगावच्या नगरपालिकांनी पफेनिगच्या (मार्कच्या शंभराव्या भागाच्या) छोट्या नोटा छापल्या. ऑस्ट्रियात हेलर या तिथल्या सुट्या चलनाच्या नोटांची अशीच लाट 1920 मध्ये आली. पुढे या नोटा संग्राहकच विकत घेतात हे ध्यानात आल्यावर, 1920 ते 1922 या काळात गावांनी आपल्या दंतकथांच्या रंगीत मालिकाच काढल्या. 75 पफेनिगचे नाणे कधीच नव्हते; त्यामुळे हा आकडा दिसला की नोट बाजारापेक्षा अल्बमसाठी छापली असावी, असा संशय घ्यायला हरकत नसते.

नाउम्बुर्ग या जर्मन शहराच्या नोटांवर काळ्या छायाकृतींतून हुसाइट (पंधराव्या शतकातील बोहेमियाच्या धार्मिक बंडखोरांच्या) सैन्याच्या वेढ्याची आणि सेनापतीकडे दयेची याचना करणाऱ्या मुलांची कथा येते. इतिहासात तिला आधार नाही, पण तिथला चेरी-उत्सव आजही तिच्याच नावाने साजरा होतो. म्हणून अशी चित्रे वाचताना आर्थिक संकटापेक्षा गावाचा अभिमान आधी लक्षात घ्यावा. महागाईचा खरा चेहरा 1923 च्या नोटांवर दिसतो: थुरिंगिया या जर्मन राज्यासाठी बाउहाउस या कला-संस्थेच्या हर्बर्ट बायरने रेखलेल्या दशलक्षांच्या नोटांवर दंतकथा नाहीत, फक्त ठसठशीत अक्षरे आणि शून्ये आहेत.