घरच्या ज्वारीसाठी किती रान ठेवावं? सल्ला हवाय

नमस्कार मंडळी, बार्शी तालुक्यात आमची सहा एकर जिरायत, चार काळी भारी नि दोन मुरमाड. २०२४ पासनं ज्वारी पूर्ण बंद केली, सगळीकडं सोयाबीन आणि मागनं हरभरा. मालदांडी ज्वारी चांगली यायची तर भारी रान पावसाळाभर पड ठेवायला लागतं म्हणजे सोयाबीन सोडायचं, वरनं ज्वारी उपटायला माणूस मिळत नाही, बाया सरळ नको म्हणतात, हाताची सालं निघतात ओ.

पण पैसा तरी कुठं आला? २०२४ ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ होता, व्यापाऱ्यानं ओल दाखवून ४१०० नं घेतलं. २०२५ ला सप्टेंबरच्या पावसात उभं सोयाबीन पाण्यात गेलं, तेव्हा कळलं की घरात पैसाबी नाही आणि दाणाबी नाही. आम्ही सात माणसं, दोन्ही वेळ भाकरी, दिवसाला पावणेदोन किलो धरलं तर वर्षाला जवळजवळ साडेसहा क्विंटल ज्वारी लागते, ती सगळी दुकानातनं. परवा आई भाकरी थापताना थांबली, कडा चिरत होत्या, म्हणाली "पिठाला विरीच नाही रे, चिकटपणाच नाही, किती जुनी ज्वारी असंल कुणास ठाऊक". दोन गाईंना कडबा पण विकतचाच.

आता वडील म्हणतात भारीतलं दोन एकर पड ठेवू. मला ते जिवावर येतंय. मुरमाडात पेरली तर चालंल का? का अजून काही मार्ग आहे? ज्यांनी घरचं धान्य आणि नगदी पीक दोन्ही सांभाळलंय त्यांनी प्लीज सांगा.

प्रतिसाद (मंगळवेढ्याकडनं):
दादा, पड ठेवू नका, दीड एकरात उडीद करा. जूनमध्ये पेरला तर ७०-७५ दिवसात रान मोकळं, मग कुळवाची पाळी घालून १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरच्या आत वापसा (पेरणीजोगी ओल) बघून ज्वारी पेरा. सोयाबीन निघेपर्यंत ऑक्टोबर उजाडतो आणि वरची ओल उडते, तिथंच गणित फसतं. भारी रानाला मालदांडी नाहीतर फुले वसुधा, एकरी चार किलो बी, किलोला चार ग्रॅम गंधक चोळा म्हणजे कणसावर काणी रोग येत नाही. मुरमाडात पेरायचीच तर फुले अनुराधा, ती हलक्या रानासाठीच काढलीय, पण भारी रानाएवढा उतारा तिथं धरू नका. आणि हिशेबात कडबा धरा, नुसता दाणा बघितला तर ज्वारी कायम तोट्यातच दिसणार. काढणीला आम्ही चार घरं सावड करतो, आज तुमच्यात उद्या आमच्यात, मजुरीच लागत नाही.

धागाकर्ता:
लई आभार दादा, उडदाचं डोक्यातच नव्हतं, आमच्या आज्याच्या काळी हेच असायचं म्हणे. वडलांना वाचून दाखवलं, दीड एकराला तयार झालेत. एकच धास्ती, ऑगस्टच्या शेवटाला झड लागली आणि उडीद शेंगेतच उगवला तर काय करता तुम्ही? आणि वापसा १५ ऑक्टोबरच्या पुढं गेला तर ज्वारी सोडून हरभराच टाकावा का?